शिवरंजनीच्या वतीने

शिवरंजनीच्या नावाचं पेज काढायला माझ्या बायकोचा पहिल्या दिवसापासून विरोध होता, हे आधीच नोंदवून ठेवतो. कारण हे लिखाण सर्वांत आधी तीच वाचणार आहे. मनिषा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि लाल पेन घरी आणते.

शिवरंजनी म्हणजे आमच्या समोरच्या मन्मथअप्पांची मुलगी. पुढं अप्पांचं किराणा दुकान, मागं घर, आणि मधल्या रस्त्याच्या अलीकडं आम्ही. तीस वर्षं असंच चाललंय. सकाळी मी दुकानासमोरून जाताना 'शरणार्थी अप्पा' म्हणतो आणि ते 'जय भीम साहेब' म्हणतात. मी साहेब नाही, एका सरकारी कार्यालयात अव्वल कारकून आहे. पण अप्पांनी दिलेली बढती मी कधी नाकारली नाही. त्यांची ही मुलगी रोज पहाटे पाचला लोहा रोडवर पळायला निघायची. गल्लीतली कुत्री हौसेनं तिच्या मागं जायची आणि पाच वाजून दहा मिनिटांनी धापा टाकत परत येऊन आमच्या ओट्यावर झोपायची.

गेल्या वर्षी राज्य स्पर्धेत ती पाच हजार मीटरला दुसरी आली. आठव्या फेरीला तिचा एक बूट निघून पडला. राहिलेल्या साडेचार फेऱ्या पोरगी एका बुटावर पळाली. ह्या पराक्रमाची आमच्या पालम गावानं काय दखल घेतली? चौकात एक फ्लेक्स लागला. त्यावर सतरा पुढारी होते. सर्वांत खाली उजव्या कोपऱ्यात शिवरंजनी होती, आणि तो फोटोही दहावीच्या परीक्षेच्या ओळखपत्रावरचा. माझा जीव तळमळला. आपल्या हातात काही नाही, पण लेखणी तर आहे, असं मी मनाशी म्हणालो.

तिला रीतसर विचारलं. ती ओट्यावर बसून बुटाच्या नाड्या आवळत होती.

"काढा की काका. मला कुठं टाइम हाय? कोच सरांनी मोठा मोबाईल बंद केलाय माझा. हे डबडं तेवढं ठिवलंय," तिनं खिशातला बटनांचा फोन दाखवला आणि गेली.

मनिषानं मात्र कणीक मळता मळता हात थांबवला. "पेज पोरीबद्दल काढायलात का पोरीच्या नावानं?"

"एकच ते."

"एक कसं असंल?"

बायकांना तांत्रिक बाबी कळत नाहीत असं मी तेव्हा म्हणालो होतो. ते वाक्य मी ह्या ठिकाणी मागे घेतो.

पेज काढताना मोबाईलनं आधी मला मी माणूस आहे का असं विचारलं. ते सिद्ध करायला नऊ चित्रांतून वाहतुकीचे सिग्नल ओळखायचे होते. पालमला सिग्नल नाही. परभणीला आहेत ते मी बंद असतानाच पाहिलेत. तिसऱ्या प्रयत्नाला मी माणूस ठरलो. मग पेज कोणाचं ह्या प्रश्नापुढं मी 'खेळाडू' निवडलं, नाव शिवरंजनी, फोटो तिचा. माझं नाव कुठंच टाकलं नाही. नम्रता म्हणून टाकलं नाही, असं माझं म्हणणं आहे.

एका बुटावर पळतानाचा कोणीतरी काढलेला तिचा व्हिडिओ चढवला आणि आठ दिवसांत अकरा हजार माणसं जमा झाली.

इथं कारकुनाचा स्वभाव सांगणं भाग आहे. आलेल्या कागदाला उत्तर गेलंच पाहिजे, हे माझ्या हाडात मुरलंय. पहिल्या दिवशी एकानं लिहिलं, 'ताई, तुझा अभिमान वाटतो.' मी लगेच उत्तर दिलं, 'आपल्या अभिमानाची नोंद घेतली आहे. धन्यवाद. शिवरंजनीच्या वतीने.' ऑफिसात असते तशी एक कोरी आवक-जावक वही मी स्वखर्चानं विकत आणली होती (हे महत्त्वाचं आहे). तिच्यात रकाने आखले: दिनांक, पाठवणाऱ्याचं नाव, विषय, दिलेलं उत्तर, शेरा. रोज संध्याकाळी चहा झाला की दोन तास मी वही आणि मोबाईल घेऊन बसायचो.

आमचे शेजारी माणिकराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. सल्ला देण्याची त्यांची नोकरी अजून चालू आहे. ते माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "साहेब, ते 'वतीने' काढा. 'वतीने' वाचलं की माणसाला ऑफिस आठवतंय. पोरीला लिहिलेल्या पत्राला पोरीनंच उत्तर दिल्यावानी वाटाया पाहिजे."

मी 'वतीने' काढलं. एवढा एक शब्द राहिला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

लोक काय काय लिहायचे! सोलापूरच्या एका मुलाचं दोनदा गणित राहिलं होतं. तो म्हणायचा, ताई, तुमचा व्हिडिओ बघून तिसऱ्यांदा फॉर्म भरला. सेलूच्या एका बापाला मुलीला पळायला पाठवावं का, हे विचारायचं होतं. एका तरुणानं थेट लग्नाची मागणी घातली. त्याला मी 'आपला अर्ज विहित नमुन्यात नसल्याने निकाली काढण्यात येत आहे' असं कळवलं. त्यावर सहाशे लोक हसले. शिवरंजनी विनोदी आहे असा तिचा लौकिक झाला.

खरं सांगतो, मला ते फार आवडायला लागलं. माझं वय सत्तावन्न. आयुष्यभर लोकांनी माझ्या सहीच्या कागदाची वाट पाहिली, पण ती नाहरकत दाखल्यासाठी, माझ्यासाठी नव्हे. आता कोणीतरी 'ताई, तुमचं उत्तर आलं, आजचा दिवस चांगला गेला' असं म्हणायचं आणि मी सबंध संध्याकाळ खुशीत राहायचो. उत्तर मी लिहिलेलं असायचं, प्रेम तिच्या नावावर यायचं, आणि घरी मी ठेवून घ्यायचो.

शिवरंजनी दोन-तीनदा रस्त्यात भेटली तेव्हा विचारायची, "काका, पेजवर कोणी काय म्हणायलंय का?"

"सगळं व्यवस्थित हाय. तू पळण्याकडं ध्यान दे," मी म्हणायचो. तिचं लक्ष विचलित होऊ नये ही माझी प्रामाणिक भावना होती. निदान अर्धी तरी.

केशरबाई ह्याच काळात पेजवर आल्या. येलदरीला धरणाखाली मासे विकतात. त्यांना लिहिता-वाचता येत नसल्यामुळं त्या आवाजी निरोप पाठवायच्या, आणि मी लिहिलेलं उत्तर त्यांची सून त्यांना वाचून दाखवायची. मला आवाजी उत्तर देण्याची सोय नव्हती, कारण माझा आवाज खर्जातला आहे. पहिला निरोप असा होता: "बाई, एका बुटावर पळालीस गं तू. माझी बी चप्पल तुटली व्हती भर बाजारात, तवा मी बसून राहिले, आन् तू पळालीस." मी उत्तर पाठवलं की आपल्या चपलेबाबत वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या की पोरगी लय शिकलेली हाय, साहेबावानी लिहिती.

मग त्या रोजच बोलायला लागल्या. पाऊस, बाजार, गुडघे. काही दिवसांनी बायकांच्या तब्येतीचे इतरही विषय आले. "तुला म्हणून सांगते, घरात कोणाला बोलले न्हाई," असं म्हणून त्या जे काही सांगायच्या ते ऐकताना माझे कान तापायचे. मी मोबाईलचा आवाज कमी करायचो. तरी एकदा मनिषानं ऐकलंच.

"ही बाई कोणाला सांगायलीय हे?"

"शिवरंजनीला."

"आणि ऐकायलंय कोण?"

मी उत्तर दिलं नाही. केशरबाईंना मात्र दिलं: 'आपल्या प्रकृतीची नोंद घेतली आहे. काळजी घ्यावी.'

आता तो रविवार. राष्ट्रीय स्पर्धेसाठी शिवरंजनीची निवड झाली होती. स्पर्धा रांचीला, गुरुवारी पूर्णेहून गाडी, अकोल्याला संघ भेटणार. पेजवर शुभेच्छांचा नुसता पूर आला होता. आमच्या घरी त्या दिवशी मरळ होता. मनिषाच्या हातचा मरळाचा रस्सा खाल्ल्यावर माणसानं कोणताही महत्त्वाचा कागद हाताळू नये, असा नियमच पाहिजे. मी ढेकर देऊन वही उघडली. केशरबाईंच्या सुनेनं सगळ्यांसमोर, त्या एका बुटाच्या व्हिडिओखालीच लिहिलं होतं, 'सासूबाई विचारायल्यात, ताईला मासे आवडतात का? येलदरीचे पाठवू का?' सोबत केशरबाईंचा हातभर मरळ धरलेला फोटो.

मी लिहिलं, 'मासे मला अत्यंत प्रिय आहेत. त्यातही मरळ विशेष. पाठविण्यास हरकत नाही.'

शेरा लिहिला, वही मिटली आणि झोपलो.

मन्मथअप्पा लिंगायत. गळ्यात इष्टलिंग, रोजची पूजा झाल्याशिवाय पाणी घेत नाहीत. त्यांच्या दुकानात अंडी मिळत नाहीत. अंड्याचं चित्र असलेला बिस्किटाचा पुडासुद्धा ते ठेवत नाहीत. आम्ही रविवारी मासे करतो तेव्हा मनिषा त्यांच्या बाजूची खिडकी लावून घेते. कोणी सांगितलेलं नाही, पण तीस वर्षं लावते. आणि मी त्यांच्या मुलीच्या तोंडून मरळाला विशेष पसंती कळवली होती.

चार वाजता उठलो तोवर त्या उत्तराचा फोटो अप्पांच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर पोचला होता. लातूरपासून बिदरपर्यंतचे फोन दुकानात खणखणत होते. पेजवर तर दंगल उसळली होती. अर्धे म्हणत होते, 'खा गं ताई, ताकद पाहिजे.' अर्धे म्हणत होते, 'एक पदक काय मिळालं, घरचे संस्कार विसरली.' काहीजण हरभऱ्यात जास्त ताकद की माशात, ह्यावर एकमेकांच्या आयांपर्यंत गेले होते. काल ह्यांनाच तिचं पळणं आवडत होतं. आज त्यांना तिचं ताट तपासायचं होतं. जे चारशे जण तिच्यावर चिडले होते त्यांतले निम्मे माझ्या वहीत 'अत्यंत प्रेमळ' असा शेरा मिळवून बसले होते.

उत्तर पुसून टाकावं म्हणून मी घाईनं मोबाईल घेतला. पासवर्ड तीनदा चुकला आणि पेजनं मला बारा तासांसाठी बाहेर काढलं. मी कंपनीकडं सविस्तर तक्रार केली, विषय आणि संदर्भ घालून. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे.' बस्स. पुढं काही नाही. हे वाक्य वाचणाऱ्याला काय वाटतं ते मला त्या दिवशी समजलं, आणि मी ते आयुष्यात किती जणांना पाठवलं असेल ह्याचा हिशेब करायची हिंमत झाली नाही.

सोमवारी पेज उघडलं तेव्हा पुसण्यात अर्थ उरला नव्हता. फोटो गावोगाव गेला होता. माणिकराव म्हणाले, "खुलासा टाका. गाडी चुकली तर ड्रायव्हरनं घाबरायचं नसतंय, हॉर्न वाजवायचा असतोय." मी तासभर बसून खुलासा तयार केला. 'मासे प्रिय आहेत याचा अर्थ खाण्यास प्रिय आहेत असा घेऊ नये. ते पाहण्यास प्रिय आहेत.' ह्याहून निर्दोष मसुदा माझ्या हातून झालेला नाही.

संध्याकाळपर्यंत पेजवर माशांचे दोनशे फोटो आले. पूर्णेच्या एका रेल्वेवाल्यानं आपल्या क्वार्टरमधली काचेची पेटी सर्व कोनांतून पाठवली. एकानं विचारलं, 'मरळ पाहायला आवडतो? ताई, त्याचं तोंड बघितलंय का कधी?'

समोरच्या घरात काय चाललंय ते मनिषाला बसम्मांकडून कळलं. बसम्मा म्हणजे शिवरंजनीची आई. अप्पांनी मुलीला विचारलं होतं, मासे खाल्लेस का? ती म्हणाली, न्हाई. त्यांचा तिच्यावर विश्वास बसला. मग हे लिहिलं कोणी? ती गप्प. पेज तुझं, फोटो तुझा, आणि लिहिलं कोणी ते तुला माहीत न्हाई? ती गप्पच. शेवटी अप्पा म्हणाले, कोणी लिहिलं ते कळल्याशिवाय गुरुवारची गाडी रद्द.

"तिला चांगलं माहीत हाय कोणी लिहिलं ते," मनिषा म्हणाली. "दोन घरांत वितुष्ट नको म्हणून पोर गप हाय. एकोणीस वर्षांची पोर. आणि तुमी?"

मी उठलो आणि तडक दुकानात गेलो. अप्पांनी मान वर केली. डोळे तांबारलेले होते. "बोला साहेब." मी अर्धा किलो शेंगदाणे घेऊन परत आलो. मंगळवारी सकाळी पुन्हा गेलो आणि साखर घेतली. संध्याकाळी गेलो तेव्हा पोहे. प्रत्येक वेळी वाक्य जिभेवर यायचं आणि अप्पा 'अजून काय देऊ?' म्हणायचे. तीस वर्षांचा 'साहेब' एका वाक्यात जाणार होता, त्याची मला भीती वाटत होती. दुसरं कारण नाही. बुधवारी सकाळी मी साबुदाणा मागत उभा होतो तेव्हा केशरबाई आल्या.

मी त्यांना आवाजावरून ओळखलं. पदर खोचलेला, हातात फडक्यात बांधलेला मोठा डबा. येलदरी, जिंतूर, परभणी, गंगाखेड अशा चार एसट्या बदलून आल्या होत्या. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. माणिकराव होते. मागच्या दारात शिवरंजनी उभी होती.

"शिवरंजनीचं दुकान हेच का?" त्यांनी विचारलं. "म्या केशरबाई. लोकं पोरीला लय वंगाळ बोलायलेत म्हणं. सून वाचून दावत व्हती. रातभर झोप न्हाई मला. म्हणलं, माझ्यामुळं झालं, जाऊन बघावं पोर रडत तर न्हाई." आणि डबा काउंटरवर ठेवत म्हणाल्या, "मरळ आणलाय. जवारीच्या पिठात घोळून तळलाय."

काउंटरवर, बसवेश्वरांच्या तसबिरीखाली तो डबा. अप्पांनी डोळे मिटले, उघडले. "बाई," ते सावकाश म्हणाले, "आमच्या घरात हे चालत न्हाई."

"मग हिनं कशाला लिहिलं?"

"तेच मी चार दिवस झालं विचारायलोय."

शिवरंजनीनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी सांगणार नाही असं तिनं धरूनच चाललं होतं, आणि त्या नजरेनं माझी मान खाली गेली.

"मी लिहिलं," मी म्हणालो.

माणिकराव दोन पावलं बाजूला सरकले.

केशरबाई माझ्याकडं वळल्या. "समदं?"

"समदं."

"माझ्या गुडघ्याचं बी तुमीच? आन् ते... ते दुसरं बी?"

"त्याची नोंद घेतली होती," मी म्हणालो. तोंडातून दुसरं काही निघालंच नाही.

"आगं माझ्या कर्मा! म्हंजी चार महिने म्या ह्या बाप्याला माझी दुखणी सांगायले?" त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि पोत्यावर बसल्या.

अप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "धम्मानंदराव, समोर तर राहता. रस्ता वलांडून येऊन सांगायचं होतं. मी पोरीला चार दिवस बोललो न्हाई." 'साहेब' गेला होता. धम्मानंदराव हे माझंच नाव, पण अप्पांच्या तोंडून ते परक्या माणसाचं वाटलं.

तरी माझ्यातला कारकून मेला नव्हता. आपण जे केलं ते प्रेमापोटी केलं, कागदोपत्री केलं, हे दाखवावं म्हणून मी घरी जाऊन वही आणली आणि शिवरंजनीच्या हातात दिली. दोन हजार एकशे चाळीस नोंदी. एकही पत्र उत्तराविना नाही.

ती उभ्या उभ्या पानं उलटायला लागली. सुरुवातीला भराभर, मग हळू. सोलापूरच्या गणितवाल्या पोराशी थांबली. सेलूच्या बापाशी थांबली. 'येलदरी, केशरबाई, विषय: आज पळताना पाय दुखला का' असं एका नोंदीत होतं, तिथं तर बराच वेळ थांबली. मग तिनं रकान्यांवरून बोट फिरवलं.

"काका, ह्यात 'शिवरंजनीला दाखवलं' असा रकाना न्हाई का?"

मी रकान्यांवरून पुन्हा नजर फिरवली. नव्हता.

"मासे लिहिले त्याचा मला राग न्हाई. चुकून लिहिलं असंल. पण मी रस्त्यात विचारायची तुमाला, कोणी काय म्हणायलंय का. तुमी म्हणायचात, सगळं व्यवस्थित हाय." तिनं वही मिटली. "त्या लोहा रोडला पहाटं माणूस नसतंय काका. मला वाटायचं, मी दुसरी आले ते कोणाला ठावंच न्हाई. जानेवारीत दोनदा सोडून द्यायचं ठरवलं व्हतं. आणि इथं ह्या मावशी रोज विचारत व्हत्या."

ऑफिसात तीस वर्षांत मी साहेबांपुढं फाईल न ठेवता एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाही. ज्याच्या नावाचं पत्र त्याच्या नजरेखालून गेलंच पाहिजे, हे शिपायालाही कळतं. आणि इथं दोन हजार एकशे चाळीस वेळा माणसांनी एका मुलीला हाक मारली होती, आणि मी ती मधल्यामध्ये अडवून परस्पर 'ओ' दिली होती. दुकानाच्या मधोमध उभं राहून मला रडू आलं. आणि ते मी लपवलं नाही.

तिनं माझा मोबाईल मागून घेतला आणि केशरबाईंशेजारी पोत्यावर बसली. आवाजी निरोप एकेक लावायला लागली.

"बंद कर गं, लाज वाटती," केशरबाई म्हणाल्या.

"ऐकू द्या मावशी. माझेच हायत ना?"

अप्पांनी उठून दुकानातला पंखा बंद केला, कारण त्याच्या घरघरीत ऐकू येत नव्हतं. गिऱ्हाइकं पिशव्या धरून तशीच उभी राहिली. "बाई, आज धरणाचं पाणी सोडलंय, आवाज आईक," आणि मग मिनिटभर नुसतं पाणी. "बाई, तू पळतीस म्हणून म्या बी आज पाटी डोक्यावर घिऊन जरा जोरात चालून बघितलं. ग्वाड वाटलं." एका निरोपाला शिवरंजनी हसली, पुढच्याला तिनं बाहीनं डोळे पुसले. ते नाजूक निरोप आले तेव्हा केशरबाईंनीच झडप घालून मोबाईलवर हात ठेवला.

सगळं संपल्यावर अप्पांनी आत हाक मारली, "बसम्मा, पाहुण्या जेवणार हायत. धपाटे टाक." मग पोरीकडं न बघता वजनं नीट लावत विचारलं, "उद्याची गाडी किती वाजताची हाय?"

डब्याचा प्रश्न राहिला. केशरबाईंनी तो उचलून रस्ता ओलांडला आणि मनिषाच्या हातात दिला. "तुमी खा बाई. ह्यास्नी देऊ नका." मनिषानं आदेश तंतोतंत पाळला. दुपारी तिनं माझ्यासमोर बसून मरळ खाल्ला, काटे शिस्तीत बाजूला ठेवत. मी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. शेंगदाणे भरपूर होते.

पासवर्ड मी कागदावर लिहून दिला. शिवरंजनीनं माझ्याकडं पाठ करून तो बदलला आणि पेजवर स्वतःच्या आवाजात एक निरोप टाकला: "मी शिवरंजनी. मी मासे खात न्हाई. माझ्या नावानं आमचे काका लिहीत व्हते, ते वाईट न्हाईत. आता मीच बोलत जाईन, पण कमी. मला पळायचं असतंय." एका दिवसात चार हजार लोक पेज सोडून गेले. तिघांनी मात्र विचारलं की ते नोंद घेणारे काका कुठं गेले. ही बाब मी मनिषाला वाचून दाखवली.

रांचीची शर्यत आम्ही अप्पांच्या मोबाईलवर, दुकानात पाहिली. अप्पा मला अजून धम्मानंदरावच म्हणतात, पण त्या दिवशी बसायला स्टूल दिलं. शिवरंजनी सातवी आली. शेवटच्या फेरीला दोघींनी तिला मागं टाकलं, तेव्हा अप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मग सोडून दिलं. संध्याकाळी तिनं सरांच्या मोबाईलवरून पेजवर स्वतःच्या धुळीनं माखलेल्या बुटांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'सातवी.'

मी माझ्या नावाचं खातं उघडलं होतं. त्या फोटोखाली लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात 'उपरोक्त विषयास अनुसरून' आलं, तो खोडला. दुसऱ्यात मी तिलाच उपदेश केला होता, तोही खोडला. तासाभरानं एवढंच राहिलं: 'बाळ, शेवटची फेरी पाहिली. बसवेना, उभं राहून पाहिली. धम्मानंदकाका, समोरचे.' माझ्या आधी तीनशे बारा जणांनी लिहिलं होतं. माझं त्यांच्या खाली गेलं.

ह्याला तीन दिवस झाले. उत्तर नाही. मी ऑफिसात दर अर्ध्या तासानं मोबाईल काढतो. इतकी माणसं अशीच मोबाईल काढून पाहत असतील, हे मला वही भरताना कधी सुचलं नव्हतं.

मनिषा म्हणते, "मंगळवारी येणारच हाय ती. समोर तर राहती. जाऊन बोला की."

जाईन. पण आधी तिला पेजवर वाचू दे.